सांबरा ते उजळाईवाडी, व्हाया बेंगळूर

खडेबाजारात जिन्याखाली माझं दुकान,
दोन खुर्च्या, एक पडदा, भिंतीवर कानडी कॅलेंडर.
भैरू देसूरकर आले, छत्री दाराला अडकवली,
म्हणाले, इमानाचं तिकीट काढायचं हाय.
कुठलं?
कोल्हापूर.

मी हसलो नाही. धंद्यात हसू नये.
म्हटलं, काका, स्टँडवर जावा की,
गाडी लागलेलीच असतीया,
दोन-सव्वादोन तासांत कोल्हापुरात उतरता.
म्हणाले, ठाऊक हाय. तुम्ही तिकीट काढा.

मग मी पडदा त्यांच्याकडं फिरवला.
सांबऱ्याच्या धावपट्टीपासून
उजळाईवाडीच्या धावपट्टीपर्यंत
सरळ रेषेत शहाण्णव किलोमीटर.
विमान असतं तर पंचवीस मिनिटं:
पट्टा बांधायचा, पट्टा सोडायचा, झालं.
पण विमान नाही.
आहे ते असं बघा,
इथनं बेंगळूर, एक तास दहा मिनिटं.
तिथं पाच तास बसायचं.
बेंगळूरहून कोल्हापूर, दीड तास.
म्हणजे वर जायला आधी खाली जायचं,
शहाण्णवच्या जागी हजाराला तीस कमी,
आणि सकाळचा माणूस दिवेलागणीला दारात.
एकूण पावणेआठ तास धरा.

त्यांनी बोटांवर मोजलं.
"चालंल," म्हणाले. "कमी पडंल बी."

बहीण तिकडं, विमानतळाच्या कुंपणाला लागून घर.
ह्यांचं इकडं, तसंच कुंपणाला लागून.
दोघांच्या गच्चीवरची धुणी एकाच आवाजानं हलत असणार.
वडलांचं रान धावपट्टीखाली गेलं, पैसा आला,
वाटणीच्या दिवशी इंदाक्कानं सही केली
आणि चहा न पिताच उठली.
कपात साय धरली होती, म्हणाले,
सायीवर एक मुंगी.
अकरा वर्षं झाली.

"बसनं तीनदा गेलो ओ.
काकतीपासनं वाक्य जुळवायला घेतलं,
संकेश्वरात निम्मं जुळलं,
तवंदीच्या घाटात सुरवातच विसरली.
कोगनोळीला पाट्यांवरची अक्षरं बदलली
आणि मी अजून 'इंदे' ह्या एका शब्दावर.
तिन्ही बारी स्टँडवरनंच माघारी.
बस लई लवकर पोचवतीया बगा."

मी काही बोललो नाही.
आधारकार्डावरून नाव टिपलं, वय चौऱ्याहत्तर.
खिडकीची जागा देऊ का?
"नको. भाईर बघत बसलो तर परत ऱ्हाईल."
तांदूळ नेता येतो का?
येतो की. सामानात पंधरा किलो.
"मग चौदा घेतो. उरल्या रानातला हाय,
बासमती, तिला वास कळतोय."
आणि काटा खोटा निघाला तर म्हणून एक किलो सोडला.

परतीचं? मी विचारलं.
पैसे मोजता मोजता ते थांबले,
पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजू लागले.
मी ती खिडकी पडद्यावरून बंद केली.

आज गुरुवार. दहाला जरा उशिरानं
दुकानावर आवाज आला, मी रस्त्यावर आलो.
गांधी टोपीएवढं पांढरं काहीतरी पश्चिमेला चढलं,
कोल्हापूरच्या बाजूला नुसतं कलल्यासारखं झालं,
मग पाठ फिरवून दक्षिणेला गेलं.
समोरच्या कासाराच्या दुकानातली मल्लव्वा म्हणाली,
यारु होदरु? कोण गेलं?
म्हटलं, एक जण, बहिणीकडं.
कुठं, बेंगळूरला?
नाही.
तिनं बांगड्यांचा डबा परत बंद केला.

छत्री अजून दाराला आहे.
जेवून आलो तेव्हा घड्याळात एक वाजून दहा.
अजून तीन तास आहेत त्यांना.